बंद करून चालू कर की!

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा वाचक आपल्यात सापडायचा नाही. सेतू केंद्रात, रेशन दुकानात, बँकेच्या खिडकीशी, कॉलेजच्या कार्यालयात ते ऐकू येते आणि आपण ते पावसासारखे मान्य करतो. आला तर आला, आपल्या हातात काय आहे? रांगेतले लोक चपला घालून घरी जातात. कोणी विचारत नाही की का डाऊन आहे, कालही होता का, आणि काल नेमके काय केले होते.

गेल्या महिन्यात बैठक संपल्यावर चहाच्या वेळी आमच्या मुरगूडच्या कार्यकर्त्याने एक जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. तो संगणक दुरुस्तीचे काम करतो. २०१३ चा जून. गावातल्या एका शिक्षणसंस्थेने (नाव सांगायचे कारण नाही) प्रवेशाचे अर्ज स्वतःच्या वेबसाइटवर घ्यायला सुरुवात केली होती. सर्व्हर म्हणजे कार्यालयाच्या कोपऱ्यात, फाइलींच्या कपाटाशेजारी ठेवलेला एक डबा. त्यावर विंडोज सर्व्हर २००३. दर चौथ्या-पाचव्या दिवशी तो अडकायचा. वेबसाइट उघडायची नाही, कारकुनाने लॉगिन केले तर पडद्यावर रजिस्ट्रीची त्रुटी, मेमरीची त्रुटी. उपाय ठरलेला होता : “अरे, बंद करून चालू कर की!” चालू केला की तो पुढचे चार दिवस गुण्यागोविंदाने चालायचा.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो पुन्हा अडकला. बाजारपेठेतल्या नेट कॅफेत एक मुलगी आपल्या आब्बांबरोबर बसली होती. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले. अर्ज गेला असे समजून दोघे घरी गेले. यादीत नाव आले नाही तेव्हा कार्यालयात सांगण्यात आले, ‘आमच्याकडे नोंद नाही.’ हे उत्तर खरेच होते. पण घरी त्याचा अर्थ ‘नशिबात नव्हते’ असा लागला आणि ती मुलगी वर्षभर शिवणाच्या क्लासला गेली. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला, प्रवेश मिळाला. सगळ्यांच्या घरी दुसऱ्या वर्षाची सवलत मिळतेच असे नाही.

आमच्या कार्यकर्त्याला त्यानंतर बोलावले गेले. त्याच्याआधी तिघांनी हात फिरवले होते. एकाने रजिस्ट्री साफ करणारा प्रोग्रॅम चालवला. दुसऱ्याने रॅम दुप्पट केली आणि बिल लावले. तिसऱ्याने कुठेतरी वाचून बूट फाइलीत ‘३ जीबी’चा स्विच टाकला. त्यानंतर सर्व्हर चार दिवसांऐवजी दोन दिवसांत अडकू लागला. पण तो मुळातच अधूनमधून अडकत असल्यामुळे हा फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

इथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची खतावणी. कोणती सेवा कधी सुरू व्हायची, कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, कोणाला कशाची परवानगी, हे तिच्यात लिहिलेले असते. ती डिस्कवरच्या फाइलींत राहते, पण रोजचे काम मेमरीतल्या प्रतीवर चालते आणि झालेले बदल थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर उतरवले जातात. उतरवायलाही थोडी मेमरी लागते. ती मिळाली नाही की लिहिणे फसते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ३३३ क्रमांकाची नोंद पडते : रजिस्ट्रीला आपली फाइल वाचता, लिहिता किंवा डिस्कवर उतरवता आली नाही. वाचणाऱ्याला वाटते, रजिस्ट्री खराब झाली. बहुतेक वेळा खतावणी शाबूत असते, कारकुनाला वही उघडायला टेबलावर जागा उरलेली नसते. म्हणून रजिस्ट्री साफ करून काही झाले नाही.

मग रॅम वाढवून का भागले नाही? ३२ बिटच्या विंडोजमध्ये पत्त्यांची जागा एकूण ४ जीबी. त्यातले २ जीबी प्रोग्रॅमच्या वाट्याला, २ जीबी विंडोजच्या गाभ्याला. गाभा आणि ड्रायव्हर ज्या राखीव साठ्यातून मेमरी घेतात त्याला ‘पूल’ म्हणतात आणि तो या दुसऱ्या वाट्यातच बसवावा लागतो. बाहेर रॅम कितीही ओता, हा हौद ठरावीक मापाचाच राहतो. ‘३ जीबी’चा स्विच प्रोग्रॅमला ३ जीबी देतो आणि गाभ्याला उरलेल्या १ जीबीत कोंबतो. म्हणजे तिसऱ्या मिस्त्रीने गळक्या हौदाचे मापच कमी केले होते.

आमच्या कार्यकर्त्याने पहिले काम केले ते हे, की दोनशे पानी वही आणून सर्व्हरशेजारी ठेवली. तारीख, वेळ, किती तास चालू आहे, पूल किती भरला आहे, एवढेच लिहायचे. कारकून हसला. दुसरे काम लॉग मागे मागे वाचण्याचे. ३३३ ची नोंद एकदा सुरू झाली की दर काही सेकंदांनी पडत राहते. लॉगचा आकार ठरलेला असतो, त्यामुळे हा पूर जुन्या नोंदी पुसत जातो आणि नेमकी कामाची, म्हणजे सुरुवातीची, नोंद वाहून जाते. त्याने लॉगचा आकार वाढवला आणि थांबला. दोन दिवसांनी सापडले : पहिल्या ३३३ च्या आधी २०२० क्रमांकाची एक नोंद होती. पूल रिकामा, मेमरी देता येत नाही.

पुढचे सरळ होते. पूलमॉन नावाचे छोटे साधन आहे. कोणत्या चार अक्षरी खुणेखाली पूलमधली किती मेमरी अडकली आहे ते ते दाखवते. सकाळी आणि संध्याकाळी आकडे वहीत उतरवले. एक खूण रोज रात्रीनंतर वाढत होती आणि कधीच कमी होत नव्हती. ती खूण ड्रायव्हरच्या फाइलींत शोधली, तर रात्री बॅकअप घेणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅमचा ड्रायव्हर निघाला. घेतलेली मेमरी तो परत करत नव्हता. नवी आवृत्ती टाकली, स्विच काढला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तो सर्व्हर फक्त वीज गेली तेव्हाच बंद पडला.

आज ६४ बिटच्या यंत्रांवर हौद खूप मोठे झाले आहेत. गळती गेलेली नाही, फक्त उशिरा दिसते, किंवा दिसतच नाही. विंडोजचा आयआयएस वेब सर्व्हर मूळ रचनेनुसार दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, आपली कामकरी प्रोसेस स्वतःच नव्याने सुरू करतो. लिनक्सवर मेमरी संपली की गाभाच एखादी प्रोसेस निवडून मारतो. ती पुष्कळदा डेटाबेसची असते, कारण तीच सर्वांत जास्त जागा अडवून बसलेली असते. कर्नलच्या लॉगमध्ये ते स्पष्ट लिहिलेले असते. पण आपल्यातली बरीच तरुण मंडळी, जी आता पुण्या-बंगळूरला सर्व्हर सांभाळतात, रात्री तीन वाजता आपोआप रिस्टार्टची ओळ टाकून मोकळी होतात. अडचणीच्या रात्री तसे करण्यात आम्हाला काही गैर वाटत नाही. आक्षेप आहे तो ती ओळ टाकून तक्रारीची फाइल बंद करण्याला. आणि रिस्टार्ट करायचाच असेल तर आधी लॉगची प्रत काढून ठेवा. त्या क्षणी मेमरीत जो पुरावा असतो तो बटण दाबताच जातो.

हे फक्त छोट्या गावात होते असे नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरानजवळ अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारे क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मारले गेले. यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती आणि तिच्या घड्याळातली बारीक चूक साचत साचत सुमारे एक तृतीयांश सेकंदाची झाली होती. ही चूक इस्रायली सैन्याने दोन आठवडे आधी दाखवून दिली होती. फार वेळ सलग चालवू नका, अशी सूचनाही तळांवर गेली होती, पण ‘फार वेळ’ म्हणजे किती तास हे तिच्यात नव्हते. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम धाहरानला पोचला तो २६ तारखेला.

आपल्याकडे सर्व्हरची चूक नागरिकाच्या खात्यावर मांडली जाते. वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठीचे उमीद पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झाले, मुदत सहा महिन्यांची. त्या कायद्याबद्दल मते काहीही असोत. पोर्टल संथ चालते, अडकते, अशा तक्रारी देशभरातून आल्या. अखेर मुदत वाढली नाही. तीन महिने दंड होणार नाही असे मंत्र्यांनी ५ डिसेंबरला जाहीर केले आणि ज्यांची नोंद राहिली त्यांना न्यायाधिकरणाचा रस्ता दाखवला गेला. एखाद्या खेड्यातल्या मशिदीच्या मुतवल्लीने ‘त्या रात्री पान उघडत नव्हते’ हे न्यायाधिकरणापुढे सिद्ध कसे करायचे? मुरगूडच्या त्या मुलीच्या आब्बांकडेही सिद्ध करायला काही नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे असे. अर्ज भरताना पान अडकले तर तारीख-वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो घ्या. केंद्रचालकाकडून ‘अमुक वेळेत पोर्टल बंद होते’ असे लिहून घ्या. तो कुरकुरेल, तरी घ्या. शासकीय पोर्टल असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर मागा : या पोर्टलच्या बंद काळाची नोंद, त्याचे नोंदलेले कारण, आणि त्यावर केलेली दुरुस्ती. तिसऱ्या मुद्द्याला ‘सर्व्हर पुन्हा सुरू केला’ असे उत्तर आले तर अपील करा. मुदत ठरवणाऱ्या कार्यालयांकडून आमची मागणी एवढीच आहे, की सर्व्हर जितके तास बंद राहिला तितके तास मुदत आपोआप पुढे जावी. त्यासाठी कोणाला अर्ज करावा लागू नये.

मुरगूडची ती वही अजून आमच्या कार्यकर्त्याकडे आहे. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २००३ चा आधार बंद केला, त्यानंतर संस्थेने तो डबा मोडीत काढला. वहीची साठेक पाने भरली आहेत. पहिली सहा त्याच्या अक्षरात आहेत, बाकीची त्या हसणाऱ्या कारकुनाच्या.