आपला नंबर येईपर्यंत



या खेपेला पिकापाण्याचं जरा बाजूला ठेवू आणि टी. व्ही.बद्दल बोलू. आताच्या नव्हे. आता घरात चार माणसं असली तर चार हातांत चार पडदे असतात. मी म्हणतो तो टी. व्ही. म्हणजे लाकडी पेटीतला, काळापांढरा, पुढे सरकतं दार असलेला. वर्षाला पोस्टात पैसे भरून त्याचा परवाना घ्यावा लागे. रात्री दार ओढून वर विणकामाचा रुमाल टाकायचा, अशी त्याची बडदास्त. गाईलाही एवढी झूल कुणी घालत नसेल!

मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. साल ध्यानात घ्या. बाहत्तरचा दुष्काळ. आपल्या घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. अशा वर्षी मुंबईत टी. व्ही. लागला. पुढच्या साली सिंहगडावर सहक्षेपणाची सोय झाली आणि पुण्याच्या बाजूला चित्र दिसू लागलं. बाकी महाराष्ट्र कोरडाच. या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आडवा आला की संपलं. त्यामुळे कोकणातल्या खोलगट वाडीत काय आणि घाटाच्या आडोशाला काय, उंच बांबूला अँटेना बांधून ती कितीही फिरवली तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यात अँटेनेवर कावळा बसला म्हणजे आणखी पंचाईत.

चित्र जिथे दिसे, तिथली एक संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. आधी पडद्यावर फिरत फिरत जुळणारं ते चिन्ह, सोबत ती सुरावट. मग पोरांसाठी ‘किलबिल’. मुंबईत गुजराती वस्ती मोठी, म्हणून त्यांच्या मुलांना ‘संताकुकडी’. गिरणी-कारखान्यातल्या माणसांसाठी ‘कामगार विश्व’. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’. मग बातम्या. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांना पुष्कळांनी आधी बातम्या देताना पाहिलं, ते याच पडद्यावर. पुढे वारानुसार कधी ‘ज्ञानदीप’, कधी लेखक-कवींचा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, कधी थट्टामस्करीचा ‘गजरा’. गुरुवारी ‘छायागीत’, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. आणि मध्येच चित्र गेलं की ‘व्यत्यय’ अशी पाटी. ती पाटीही माणसं टक लावून बघत, कारण चित्र कधी परत येईल याचा नेम नसे.

आता गंमत पाहा. वाहिनी एकच. बटण फिरवून दुसरीकडे जायची सोय नाही. ज्याला छायागीत हवं, त्याला आधी भातावरचा करपा आणि ज्वारीवरची खोडमाशी ऐकून घ्यावी लागे. ज्याला खोडमाशीचं औषध हवं, त्याला किलबिल पाहावी लागे. आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, असा तो न सांगता पाळलेला करार होता. गिरणीगावातल्या चाळीत एका खोलीत टी. व्ही. असे आणि दारापर्यंत माणसं बसलेली असत. त्यांतली कितीतरी साताऱ्याकडची, रत्नागिरीकडची. गावाकडे भाऊ शेत पाहतोय आणि हा मुंबईत साच्यावर उभा. ‘आमची माती’ लागलं की असा माणूस काही उठून जात नसे. आणि ज्यांनी जन्मात नांगर धरला नाही, अशी दादर-गिरगावची मंडळीही बातम्यांची वाट बघत तोच कार्यक्रम पाहत. कांद्याचा भाव का पडतो, विहीर का आटते, हे त्यांच्या कानांवरून जाई. किती कळे ते सोडा. पण कानांवरून जाई, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्या बाजूनं मात्र एक तक्रार नोंदवायला हवी. कार्यक्रम शेतकऱ्याचा, पण वेळ दिवेलागणीची. म्हणजे धारा काढायची, वैरण टाकायची, चूल पेटवायची. घरातल्या बाईनं तर तो अर्धा तास शांत बसून कधी बघावा? शिवाय कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ येत ते बहुधा कागद वाचल्यासारखं बोलत. ‘प्रति हेक्टरी शिफारशीत मात्रा’ असं म्हटलं की अर्धी ओसरी जांभई देई. त्या मानानं ‘गप्पागोष्टी’ लोकांना आवडत. त्यात राजा मयेकरांसारखा लोकनाट्यातला कसलेला नट बोले आणि खताची गोष्टही गळी उतरे. आणि काही गोष्टी रेडिओनं सांगून भागत नाही, त्या डोळ्यांनीच पाहाव्या लागतात. आंब्याचं कलम घ्या. काप कुठे तिरका द्यायचा, पट्टी किती ताणून बांधायची, हे शंभर शब्दांत सांगण्यापेक्षा एकदा हात दिसला की झालं.

शेतकऱ्यासाठी टी. व्ही. ही कल्पना त्याआधीची. दिल्लीत २६ जानेवारी १९६७ ला ‘कृषीदर्शन’ सुरू झालं, तेव्हा दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत सार्वजनिक संच ठेवले होते. विक्रम साराभाई यांचा त्यामागे मोठा हात. नंतर ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत चित्र उतरवलं. सकाळी शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्या सहांत आपला महाराष्ट्र नव्हता. शेजारचं कर्नाटक होतं, आंध्र होतं, मध्य प्रदेश होता.

मग १५ ऑगस्ट १९८२ पासून रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम दिल्लीहून येऊ लागला, रंग आला, आणि १९८४ मध्ये तर लहान लहान प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा लागला. आता चित्र तालुक्याला पोहोचलं. पण बघा, आपल्या गावात संच आला तेव्हा रात्रीचे भरीचे तास दिल्लीचे झाले होते. त्याच जुलैत ‘हम लोग’ सुरू झालं, प्रायोजक आले आणि साबण-शेवया विकणाऱ्यांना कोणती वेळ हवी ते ठरू लागलं. शेतकरी त्यांचा मोठा गिऱ्हाईक नव्हता. मालिकेला मी नावं ठेवत नाही. घरोघरच्या सासवासुनांनी ती एकत्र बसून पाहिली. पण दुष्काळाच्या साली निघालेल्या पडद्यावर आपली पाळी यायला बारा वर्षं लागली आणि तोवर पंगत उठायला आली होती.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २ ऑक्टोबर १९९२ ला, मुंबई केंद्राला वीस वर्षं झाली त्याच तारखेला, झी सुरू झाली आणि मग वाहिन्यांना अंत राहिला नाही. २६ मे २०१५ ला शेतकऱ्यांसाठी ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी निघाली. भाषा मुख्यतः हिंदी, पण चोवीस तास आपली. चांगलंच झालं. वेळेची तक्रार मिटली. फक्त ती वाहिनी आता आपणच बघतो. दादरच्या घरात बातम्यांची वाट पाहत कुणी कपाशीची बोंडअळी बघत बसत नाही. त्याच्या हातात रिमोट आहे. आपली चूल वेगळी झाली, भाकरीही पोटभर मिळाली, पण कांदा रस्त्यावर ओतावा लागतो तेव्हा तो का ओतला, हे त्या घराला शेजारी बसून सांगणारं कुणी उरलं नाही.

दोष कुणाचा म्हणावा? पोरांच्या हातातलं यंत्र काढून घेऊन त्यांना काळ्यापांढऱ्यापुढे बसवा, असं मी सांगणार नाही. बसणारही नाहीत. ते असो.

तुम्ही एक करा. गावात पहिला संच कुणाकडे आला, ग्रामपंचायतीत की कुणाच्या ओसरीवर, आणि तेव्हा तुम्ही शेतीचा कार्यक्रम बघून एखादी गोष्ट खरोखर रानात करून पाहिली का, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. फसली असली तरी लिहा. आजीला आठवत असेल तर तिच्याच शब्दांत येऊ द्या. आलेली पत्रं वाचतो आणि पुढच्या खेपेला त्यांतलीच सांगतो.