दान दिलं, किल्ली ठेवली

वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचा कोड सर्वांचा आहे. जीपीएल परवान्याखाली तो घ्या, बदला, विका. नावाचं तसं नाही, आणि नसावंच. उद्या कोणी त्या कोडमध्ये खोडसाळपणा करून तोच माल 'वर्डप्रेस' म्हणून खपवला, तर फसेल गिऱ्हाईक. ट्रेडमार्क असतो तो त्या गिऱ्हाइकासाठी, मालकाचे रुसवेफुगवे काढण्यासाठी नव्हे.

२०१० मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने हा ट्रेडमार्क वर्डप्रेस फाउंडेशनला दिला. वाहवा झाली. व्यावसायिक वापराचा एकहाती परवाना त्याच वेळी ऑटोमॅटिककडे परत आला, हे त्या वाहवेत राहूनच गेलं. दान देऊन दानपेटीची किल्ली कमरेला खोचण्याचाच हा प्रकार.

ती किल्ली सप्टेंबर २०२४ मध्ये बाहेर आली. डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीकडे उलाढालीचे ८ टक्के मागितले गेले. तोवर फाउंडेशनचं धोरण स्वच्छ सांगत होतं, की 'डब्ल्यूपी' ही अक्षरं ट्रेडमार्कमध्ये येत नाहीत, खुशाल वापरा. भांडण पेटताच त्याच मजकुरात या कंपनीचं नाव घुसलं आणि हिने आम्हाला कधी देणगीसुद्धा दिली नाही, असा शेराही. नियमावलीत टोमणे!

सबब काय, तर लोकांचा गोंधळ होतो. ऑटोमॅटिकचे प्रमुख मॅट मुलेनवेग यांनी आपल्या आईचाही झाल्याचं सांगितलं. माऊलीबद्दल आदर आहे. पण ऑटोमॅटिकची वर्डप्रेस डॉट कॉम ही विकाऊ सेवा आणि मुक्त वर्डप्रेस यांत नवखा माणूस रोज गोंधळतो, त्याचं काय? ऑक्टोबरात तर डब्ल्यूपी इंजिनचं लोकप्रिय प्लगिनच नव्या नावाने ताब्यात घेतलं गेलं. अखेर १० डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने ऑटोमॅटिकविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम दिला.

डब्ल्यूपी इंजिनचा मला पुळका नाही. बक्कळ कमावून प्रकल्पाला हातभार लावत नसेल, तर काढा चारचौघांत लाज. पण कृतघ्नपणा म्हणजे ट्रेडमार्कचा भंग नव्हे.

नावाचं भांडण सरळपणेही होऊ शकतं. २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने डेबियन या लिनक्स प्रकल्पाला बजावलं होतं, की आमच्या संमतीविना बदल करणार असाल तर फायरफॉक्स हे नाव लावू नका. ताठर भूमिका, पण सरळ. डेबियनने आइसवीझल हे नाव घेतलं आणि २०१६ मध्ये समेट होईपर्यंत चालवलं. टक्केवारी कोणी विचारली नाही.

फाउंडेशनने तो एकहाती परवाना काढून घ्यावा आणि गोंधळाचा नियम आधी वर्डप्रेस डॉट कॉमला लावून दाखवावा. मग डब्ल्यूपी इंजिनकडे वळावं.