सिलिकॉनचा थर आणि आपल्या पोरांचा हक्क

चामटोलीपासून अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीपर्यंत आपल्या वस्त्यांचे आणि रसायनांचे नाते जुने आहे. ड्रम उचलणारे, टाक्या धुणारे, कंत्राटावर राबणारे हात आपले. मग त्या रसायनाचे सूत्र मांडणारा हात आपला का नको? "एवढे मोठे विज्ञान आपल्या पोरांना कशाला?" असे आपल्यातलेच काही शहाणे विचारतात. त्यांच्यासाठीच आज सिलिसीनवर लिहितो आहे.

सिलिकॉन हे वाळूतले मूलद्रव्य. मोबाइलची चिप त्याचीच. त्याचा फक्त एका अणूच्या जाडीचा थर म्हणजे सिलिसीन. खुराड्याच्या षट्कोनी जाळीसारखी त्याची रचना असते, फक्त जाळी थोडी वर-खाली वाकलेली. १९९४ साली ताकेदा आणि शिराइशी या जपानी शास्त्रज्ञांनी ती आधी गणिताने मांडली. २०१२ मध्ये चांदीच्या पृष्ठभागावर असा थर तयार झाल्याचे जगापुढे आले आणि २०१५ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात त्यापासून ट्रान्झिस्टर बनला.

पण अडचणी दोन. पहिली, हा थर हवेत टिकत नाही. तो ट्रान्झिस्टर काही मिनिटांतच निकामी होत असे. दुसरी, चिपमधले बटण चालू आणि बंद दोन्ही व्हायला हवे. त्यासाठी इलेक्ट्रॉनसमोर ऊर्जेचा एक उंबरठा लागतो. नुसत्या सिलिसीनमध्ये तो जवळजवळ नाहीच, म्हणून प्रवाह नीट बंद होत नाही.

उपाय रसायनशास्त्राकडे आहे. थरातल्या प्रत्येक सिलिकॉन अणूला हायड्रोजन जोडला की तोच पदार्थ अर्धवाहक होतो आणि उंबरठा उभा राहतो. हायड्रोजनऐवजी फ्लोरिन जोडला की उंबरठ्याची उंची बदलते. लांब सेंद्रिय साखळ्या जोडल्या तर हवेपासून संरक्षणही मिळते. म्हणजे काय जोडायचे आणि किती जोडायचे यावर विजेचा गुणधर्म ठरवता येतो.

आणि याची सुरुवात कुठून होते? १८६३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी कॅल्शियम सिलिसाइड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकले. कॅल्शियम विरघळून गेले आणि सिलिकॉनचे थर उरले, त्यांवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन चिकटलेले. आजही अनेक प्रयोगशाळा याच वाटेने असे थर तयार करतात. यासाठी हजारो कोटींचा कारखाना लागत नाही. लागते ती फ्यूम हूड असलेली नीट प्रयोगशाळा आणि शिकलेला हात, कारण या क्रियेत हवेत आपोआप पेट घेणारे वायूही निघू शकतात. कल्याण-कर्जत पट्ट्यातल्या कॉलेजांत असे काम का होऊ नये?

"गुणवत्ता लागते हो," असे लगेच ऐकवले जाते. गुणवत्ता रक्तात असते, हे मनुवादाचे जुने पालुपद. अणूवरून माणसाचा सिद्धांत काढायची मला गरज नाही. जात ही समाजाने घडवलेली आहे हे बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधातच समाजाचा अभ्यास करून दाखवले. पण ज्यांना उपमा हवी त्यांनी सिलिकॉन पाहावा. अणू तोच, शेजार बदलला की वागणे बदलते. आमच्या पोरांना प्रयोगशाळेचा शेजारच मिळू दिला नाही, तर गुणवत्ता मोजता कशाची?

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये मागितले. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदवीने समाज पुढे जाणार नाही, प्रगत विज्ञान हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपण जयंतीला डीजे लावतो. हे निवेदन किती जणांनी वाचले?

आज काय चित्र आहे? सेमीकंडक्टरसाठी केंद्राने २०२१ मध्ये ७६,००० कोटींची योजना मंजूर केली. इकडे बार्टीच्या फेलोशिपसाठी आमच्या संशोधकांना आझाद मैदानावर बसावे लागले. २०१९ च्या केंद्रीय शिक्षक-आरक्षण कायद्याने तर काही संस्थांना परिशिष्टात टाकून आरक्षणातून सूट दिली. त्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था आहेत. म्हणजे सर्वात पुढचे विज्ञान जिथे चालते, तिथेच दार बंद! फेलोशिप सहा महिने उशिरा आली तर कथा-कविता थांबून राहील; हवेत खराब होणारा नमुना थांबत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. फेलोशिप दरमहा खात्यात जमा व्हावी. २०१९ च्या कायद्यातले ते परिशिष्ट रद्द व्हावे. पवईच्या आयआयटीत बाहेरच्या संशोधकांना नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा वापरू देणारा कार्यक्रम आहे. त्याची माहिती आपल्या भागातल्या प्रत्येक विज्ञान कॉलेजच्या फलकावर मराठीत लागावी. आणि एक मागणी आपली आपल्याकडेच: विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास रसायन-भौतिकचा वर्ग व्हावा. शिकवायला आपलेच बीएस्सी-एमएस्सी झालेले पोर-पोरी आहेत.

ड्रम उचलणे ही आपल्या बापाची मजबुरी होती. ती नातवाचा वारसा होऊ द्यायची नसेल, तर "शिका" या शब्दात सिलिसीनही येते हे ध्यानात ठेवा.

जय भीम!