तटावरचे पाहुणे

गेल्या महिन्यात वर्गात शिकवताना ‘तटस्थ’ हा शब्द आला. सवयीप्रमाणे मी अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, ज्याला कशाचंच काही पडलेलं नसतं, तो तटस्थ!” वर्ग हसला, मीही हसलो. पण संध्याकाळी घरी परतेपर्यंत ते उत्तर काही पिच्छा सोडीना.

शब्दाची फोड तशी सोपी आहे. तट म्हणजे काठ. काठावर उभा राहतो तो तटस्थ. पुरात दोघे झुंजत असताना काठावर उभे राहणे हा आराम आहे की काम, एवढाच काय तो प्रश्न. आमच्या नातेपुत्याच्या घरालाही एके काळी असे काठावर उभे राहावे लागले होते. त्याची हकीकत शेवटी सांगतो. आधी जरा दूरच्या तटांकडे पाहू.

दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ होता. जर्मनीवर बाँब टाकायला निघालेले अमेरिकी विमान गोळ्या लागून जायबंदी झाले, एखादे इंजिन बंद पडले, इंग्लंडपर्यंत पोचण्याची आशा उरली नाही, की वैमानिक ते स्वित्झर्लंडकडे वळवीत. युद्ध संपेपर्यंत अशी दीडशेहून अधिक विमाने तिथे उतरली किंवा कोसळली. 1907 च्या हेग कराराने यजमानाचा धर्म ठरवून दिला होता. आलेल्या सैनिकाला अन्नवस्त्र द्यायचे, पण लढाईपासून लांब ठेवायचे आणि पुन्हा लढायला जाऊ द्यायचे नाही. थोडक्यात, पाहुणा म्हणून खुशाल यावे, मात्र शांतता होईपर्यंत पाटावरून उठू नये! आडेलबोडेन, डाव्होस अशा थंड हवेच्या गावांतली रिकामी हॉटेले या पाहुण्यांनी भरून गेली. पळून जाताना जो सापडे, त्याची रवानगी मात्र वाउविलरमोस नावाच्या वाईट छावणीत होई. म्हणजे पाहुणचारालाही कुलूप होतेच.

आयर्लंडचा मासला तर अधिक मौजेचा. तिथल्या करा छावणीत जर्मन आणि ब्रिटिश वैमानिक शेजारी शेजारी ठेवलेले असत. ‘पळणार नाही’ असा शब्द लिहून दिला की बाहेर फिरायला मोकळीक मिळे. नोव्हेंबर 1941 मध्ये रोलंड वुल्फ हा ब्रिटिश विमानदलातला अमेरिकी वैमानिक तिथे येऊन पडला. पंधरवड्यातच त्याने युक्ती काढली. शब्द देऊन तो बाहेर पडला, हातमोजे विसरले म्हणून परत आत आला आणि दुसऱ्यांदा सही न करताच निघाला. आता आपण शब्दातून सुटलो, असे त्याचे गणित! तो बेलफास्टला पोचलादेखील. पण ब्रिटिशांनी आपल्याच वैमानिकाला पुन्हा छावणीत पाठवून दिले. आयर्लंडचा काठ ढासळू नये, हे त्यांना एका वैमानिकापेक्षा मोलाचे वाटले.

हेच ब्रिटिश सव्वा वर्षाने आपल्या अंगणात निराळे वागले.

गोवा तेव्हा पोर्तुगालकडे होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता. 1939 मध्ये युद्ध पेटताच एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स या तीन जर्मन मालवाहू जहाजांनी मुरगावच्या बंदरात आसरा घेतला. पुढे इटलीचे आन्फोरा त्यांच्या सोबतीला आले. युद्धनौका असती तर तिला सामान्यतः चोवीस तासांत निघावे लागले असते. ही पडली व्यापारी जहाजे, त्यामुळे त्यांना तिथे राहता आले. पण बंदराबाहेर ब्रिटिशांचा समुद्र! खलाशी किनाऱ्यावर येत, बाजारहाट करीत, जुवारीच्या मुखावरचा पाऊस पाहत. असे तीनचार पावसाळे गेले.

या आसऱ्याला एक छिद्र होते. एरेनफेल्सवर एक गुप्त बिनतारी यंत्र आहे आणि अरबी समुद्रातल्या जहाजांच्या बातम्या त्यावरून जर्मन पाणबुड्यांना जातात, असे ब्रिटिश हेरखात्याचे म्हणणे होते. उघड फौज पाठवावी तर तटस्थ देशावर चाल केल्यासारखे होणार. म्हणून त्यांनी कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातली माणसे निवडली. त्यांत बरेचसे चाळिशी-पन्नाशीतले, पोट सुटलेले व्यापारी आणि कंपन्यांतले साहेब, म्हणजे माझ्याच वयाचे आणि बांध्याचे गृहस्थ! ‘फीबी’ नावाच्या एका जुनाट बार्जमधून ते 9 मार्च 1943 च्या पहाटे मुरगावात शिरले आणि एरेनफेल्सवर चढले. जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. खलाशांनी स्वतःच एरेनफेल्स बुडवले आणि बाकीच्या तीन जहाजांवरच्यांनी आपापली जहाजे पेटवून दिली. हे प्रकरण कित्येक वर्षे गुपित राहिले. 1978 मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकाने ते उघड केले आणि 1980 मध्ये त्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपटही निघाला.

चित्रपटात ही शौर्यकथा आहे. मला मात्र त्या बंदराचे वाईट वाटते. पाहुण्याने ओसरीवर बसून बाहेर बातम्या धाडल्या आणि पाहुण्याच्या वैऱ्याने रात्री कुंपण ओलांडले. दोघांच्या मध्ये यजमानाचा शब्द तेवढा बुडाला.

पण मुरगावची गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोन मोठी जहाजे तिथेच धक्क्याला लागली. तटस्थ स्वीडनच्या ग्रिप्सहोल्मवर अमेरिकेत अडकलेले जपानी लोक होते आणि जपानच्या तेइया मारूवर जपानच्या ताब्यातले, मुख्यतः अमेरिकी, नागरिक. दोन्हीकडचे सुमारे दीड-दीड हजार बायकापुरुष आणि मुले या जहाजावरून त्या जहाजावर गेली आणि घराच्या वाटेला लागली. जगात सगळीकडे पूरच असता, तर त्यांनी जहाजे बदलायची कुठे?

आता नातेपुत्याची हकीकत. मी दहा वर्षांचा असेन. शेजारच्या वाड्यात दोघा भावांची वाटणी झाली आणि चौकाच्या मधोमध भिंत उभी राहिली. त्यांची म्हातारी आई महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे जेवी. दुपारी मात्र ती आमच्या पडवीत येऊन बसे. सगळे तिला आक्का म्हणत. माझ्या आईचा एकच नियम होता : “इथलं इथंच.” आक्का दोन्हीकडचे मन मोकळे करी, आई तांदूळ निवडीत ऐकून घेई आणि ते बोलणे उंबरा ओलांडत नसे.

एके दिवशी थोरल्यांनी मला दुकानात बोलावून गूळ-शेंगदाणे दिले आणि सहज विचारले, “काय म्हणत होती रं म्हातारी?” मी सांगून टाकले की, आक्का आपल्या पाटल्या धाकट्या सुनेला देणार आहे. त्या रात्री भिंतीपलीकडे जो आरडाओरडा झाला, तो मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवसापासून आक्का यायची बंद झाली. आई मला रागावली नाही. तिने फक्त विचारले, “आता ती कुठं बसंल?”

आषाढात माउलींची पालखी गावात मुक्कामाला आली, तेव्हा दर्शन घेऊन आक्का पुन्हा आमच्या पडवीत टेकली. आईने चहा दिला. माझ्या डोक्यावर हात ठेवून आक्का म्हणाली, “आता मी हितं काय बोलत न्हाई बाळा. नुसती बसते.” त्यानंतर ती रोज येई, पण खरोखरच काही बोलत नसे. एरेनफेल्सची हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा ते बिनतारी यंत्र मला अनोळखी वाटले नाही, ते यामुळेच.

यंदा भाऊबीजेला माझे दोन चुलतभाऊ आमच्याकडे फराळाला येणार आहेत. दोन वर्षे ते एकमेकांशी बोललेले नाहीत. मुलाला मी आईचा नियम सांगून ठेवला आहे. सुट्टी संपल्यावर त्या मागच्या बाकावरच्या मुलालाही सांगेन : तटस्थाला दोघांचेही पडलेले असते, आणि त्याची जीभ त्याच्या ताब्यात असावी लागते.