व्हर्सायचा तह आणि जर्मनीची लोकशाही

“दुसरें महायुद्ध कां झालें?” असा प्रश्न परीक्षेंत आला कीं आमचे बहुतेक विद्यार्थिमित्र एका दमांत उत्तर लिहून मोकळे होतात : व्हर्सायच्या तहानें जर्मनीचा अपमान झाला, त्या अपमानांतून हिटलर निपजला, व त्यानें युद्ध पेटविलें. या उत्तरास गुणही मिळतात! परंतु आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें.

तह कडक होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. २८ जून १९१९ रोजीं व्हर्सायच्या आरसेमहालांत त्यावर सह्या झाल्या. २३१ व्या कलमानें युद्धांतील हानीची जबाबदारी जर्मनी व तिचे साथीदार यांजवर टाकिली, आणि १९२१ सालीं खंडणीचा आंकडा १३२ अब्ज सुवर्ण-मार्क ठरला. १९२३ च्या नोव्हेंबरांत तर एका डॉलरास ४.२ लक्ष कोटि मार्क पडूं लागले. जन्मभर पोटास चिमटा घेऊन सांठविलेल्या पुंजींत एक पाव येईना! गृहस्थाश्रमी वाचकांस याचा अर्थ सांगावयास नको. मात्र ही नाणेघसरण केवळ खंडणीमुळें झाली नाहीं. महायुद्धाचा खर्च कर्ज काढून भागविलेला होता, आणि १९२३ सालीं फ्रेंच व बेल्जियन फौजा रूर प्रांतांत शिरल्यावर तेथील संपकऱ्यांना पोसण्यासाठीं सरकारनें वाटेल तितक्या नोटा छापिल्या.

पुढें काय झालें? १९२४ पासून नाणें स्थिरावलें. १९२५ सालीं लोकार्नोचा करार झाला, १९२६ सालीं जर्मनी राष्ट्रसंघांत आली, आणि त्याच वर्षीं जर्मनीचे स्ट्रेझमान व फ्रान्सचे ब्रियां यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९२८ च्या निवडणुकींत हिटलरच्या पक्षास शेंकडा २.६ मतें व अवघ्या १२ जागा मिळाल्या. तह तोच होता, अपमानही तोच होता! उलट, १९३२ च्या जुलैंत लोझान येथें खंडणी जवळजवळ रद्द झाली. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शेंकडा ३७ मतें मिळवून हा पक्ष सर्वांत मोठा झाला.

मध्यंतरीं जगावर मंदीची धाड आली होती व जर्मनींत साठ लक्ष लोक बेकार झाले होते. परंतु मंदी अमेरिकेंत आणि इंग्लंडांतही होती. तेथें लोकशाही बुडाली नाहीं. जर्मनींत मात्र मार्च १९३० मध्यें बेकारांच्या विम्याच्या वर्गणीवरून संयुक्त मंत्रिमंडळ मोडलें, आणि तेव्हांपासून घटनेच्या ४८ व्या कलमाखालीं अध्यक्षांच्या हुकुमांनीं कारभार चालूं लागला. लोकसभेवांचूनही राज्य चालतें, ही संवय लोकांस हिटलर येण्यापूर्वींच लागली होती. कम्युनिस्ट पक्ष तर समाजवाद्यांनाच फॅसिस्टांचे भाऊबंद म्हणूं लागला. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकींत या दोन पक्षांच्या मिळून २२१ जागा होत्या, हिटलरच्या १९६. दोघे एकत्र येते तर सर्व निभावलें असतें, असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं. १९१९ च्या रक्तपाताचें वैर लहान नव्हतें. पण शत्रु कोण हें त्यांस ओळखतां आलें नाहीं. फॉन पापेन प्रभृति जुने सरदार त्यांहून शहाणे! मंत्रिमंडळांत हिटलरसुद्धां नाझी तिघेच, तेव्हां तो आपल्या मुठींत राहील, या हिशेबानें त्यांनीं ३० जानेवारी १९३३ रोजीं त्यास प्रधानकी मिळवून दिली.

दोन महिनेही लोटले नाहींत तों, २३ मार्च रोजीं बर्लिनच्या एका नाट्यगृहांत लोकसभा भरली. सभोंवार गणवेशधारी पथकें उभीं होतीं. कम्युनिस्ट सभासद तुरुंगांत होते किंवा परागंदा झाले होते. लोकसभेला वगळून कायदे करण्याचा अधिकार सरकारास देण्याच्या बाजूनें ४४४ मतें पडलीं, विरुद्ध ९४. तीं सर्व ९४ मतें समाजवाद्यांचीं होतीं, आणि त्यांचे पुढारी ओटो वेल्स यांनीं त्या पहाऱ्यांत उभें राहून विरोधाचें भाषण केलें. आमच्या विद्यार्थिमित्रांच्या उत्तरांत हें नांव क्वचितच आढळतें.

१९४९ सालीं पश्चिम जर्मनीनें नवी घटना केली. नवा प्रधान निवडल्यावांचून लोकसभेस जुना प्रधान काढतां येऊं नये, अशी तींत तजवीज आहे. मानवी प्रतिष्ठेचें पहिलें कलम तर कितीही मोठ्या बहुमतानें बाजूस सारतां येत नाहीं. १९९० पासून तीच घटना सर्व जर्मनीस लागू आहे.