पट निघाला तेव्हा

गेल्या दिवाळीत भाच्याने माझा पट काढला आणि आठ वर्षांच्या ताईचीचा निकाल दोन सेकंदांत लागला. ('कुणाच्या ताईची?' हा विनोद आमच्या घरात आता जुना झालाय, तेव्हा नवीन काहीतरी शोधा.)

भाचा कोल्हापूरला तालमीत जातो. वय वर्षं १९. फराळानंतर अंगणात विषय निघाला आणि मी नेहमीचं ऐकवलं, की समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवायचा असतो. तो म्हणाला, "मामा, तुमी नुस्तं उभं ऱ्हावा. मी हळूच येतो." मी ऐटीत गुडघे वाकवून, पाय जमिनीत रोवून उभा राहिलो. पठ्ठ्या माझ्या हातांखालून आत शिरला, गुडघ्यामागे हात घातला, आणि मी पाठीवर! सगळे हसले. मीही हसलो.

रात्री मात्र झोप लागेना. रविवारी सकाळी मी बागेत सात-आठ जणांना ताईची शिकवतो. त्यातल्या एका मुलीने मागे विचारलं होतं, "सर, कोणी एकदम कमरेला धरून पाडायला लागलं तर?" मी बेधडक सांगितलं होतं, "अंग सैल ठेव, कंबर वळव, तो आपोआप जाईल." स्वतः एकदाही करून न पाहता!

मग दोष ताईचीचा का? मला तसं वाटत नाही. हनान प्रांतातल्या चेनजियागौ गावात ही कला वाढली ती लढाईची कला म्हणूनच. तिथे 'तुइशौ' म्हणजे दोघांनी हाताला हात लावून तोल काढायचा सराव आजही चालतो, आणि त्यांच्या स्पर्धा बघाल तर अर्धी कुस्तीच वाटेल. आपल्याकडची खडाखडी आठवते. पण बागांमधून बहुतेकदा शिकवतात ती २४ आकृत्यांची मालिका. ती चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली लोकांच्या तब्येतीसाठी बेतली. तब्येतीला ती उत्तमच आहे. फक्त त्यात कोणी अंगावर येत नाही.

२०१७ साली चेंगदूमध्ये शू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने वेई लेई या ताईची शिक्षकाला वीस सेकंदांच्या आत लोळवलं होतं. तेव्हा 'तो काही खरा गुरू नव्हे' म्हणून आम्ही ताईचीवाल्यांनी हात झटकले. म्हणणाऱ्यांत मीही होतो. अंगणात आडवा झाल्यावर ती पळवाट बंद झाली.

दिवाळीनंतर महिन्यातून दोन दिवस कोल्हापूरला जाऊ लागलो. मॅटवर भाचा येणार आणि मी वाचणार, एवढाच कार्यक्रम. पहिला धडा असा, की ज्या 'रोवलेल्या' पायाचा मला अभिमान होता, एकेरी पटाला नेमका तोच पाय सापडतो. पट येताना पाय मागे फेकावा लागतो आणि कंबर त्याच्या खांद्यावर टाकावी लागते. हे तालमीतल्या पोराला कळतं, मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

पण ताईचीही कामाला आली बरं का! मनगट त्याच्या दंडावर टेकलेलं असलं की तो खाली बसायच्या आधीच त्याचं वजन सरकलेलं हाताला कळतं. ताईचीत याला 'ऐकणं' म्हणतात. त्या क्षणी दंड धरून खाली खेचायचं ('त्साय') आणि कंबर वळवून त्याला बाजूने जाऊ द्यायचं ('लू'). सहा महिन्यांनी दहापैकी तीनदा मी उभा राहतो. तेही तो मामा म्हणून बेताने येतो तेव्हा! आणि एकदा का खाली गेलो, की माझ्या ताईचीकडे काही उत्तर नाही. तिथे कुस्ती किंवा ज्यूदोच शिकायला हवं.

म्हणून माझं मत आता असं झालंय: जो डाव जोर लावणाऱ्या माणसावर करून पाहिलेला नाही, तो स्वसंरक्षण म्हणून शिकवू नये. तब्येतीसाठी, मनासाठी खुशाल शिकवावा. पण कोणी घाबरून काही विचारत असेल, तर त्याला ऐकीव उत्तर देणं हा गुन्हाच आहे.

गेल्या रविवारी त्या मुलीला सगळं सांगितलं. माझं पडणंसुद्धा. म्हटलं, "मी तुला चुकीचं सांगितलं होतं. ज्यूदोच्या वर्गाला जा, ताईचीही करत राहा." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, तुम्हीही चला की."

आता वयाच्या ५२व्या वर्षी ज्यूदोचा पोशाख घालून जावं का, ते घरच्या मंडळींनी कळवावं. आईचं मत मला माहीत आहे!