अशक्तांशी वागताना

शाळेच्या प्रार्थनेत जी शास्त्रवचने वारंवार वाचली जातात, त्यांत पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौदावे वचन एक आहे. विद्यार्थ्यांस ते पाठ असते. पण पाठ असलेल्या वचनाकडे लक्ष कमीच जाते, आणि यातून शिक्षकही सुटत नाहीत. त्या एका वचनात प्रेषिताने तीन प्रकारची माणसे वेगळी काढली आहेत. जे शिस्त सोडून वागतात त्यांची कानउघाडणी करावी, ज्यांचे मन खचले त्यांस दिलासा द्यावा, जे दुबळे आहेत त्यांस हात द्यावा. आणि सहनशीलता मात्र या सर्वांशीच ठेवावी. आमचे म्हणणे इतकेच की, आपली चूक होते ती बहुधा माणूस ओळखण्यात. दुबळ्यास आपण उनाड समजतो, आणि हात देण्याच्या जागी कानउघाडणी करून मोकळे होतो.

बारामती-इंदापूरच्या लोकांस वाट पाहणे शिकवावे लागत नाही. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामतीची शिवारे भिजवीत इंदापूरकडे जाते, आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी आपल्या पाळीकडे डोळे लावून बसतो. याकोबानेही धीराचा दाखला द्यावयाचा तेव्हा पावसाची वाट पाहणारा शेतकरीच घेतला आहे. पण पिकासाठी महिनोन्महिने थांबणारा हाच मनुष्य, म्हाताऱ्या आईने तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की तिच्यावर खेकसतो. हे आम्ही घरोघर पाहिले आहे. आमचे घरही त्यातून वगळावयास नको.

बारामतीहून आगगाडीने पुण्यास जाताना दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथलेच. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून उपाशी मुली व स्त्रिया आणल्या; पुढे 1900 च्या सुमारास गुजराथेतूनही पुष्कळ आणल्या. अन्न मिळताच अशी मुले गोड व आज्ञाधारक होतात, अशी कोणाची समजूत असेल तर ती त्याने सोडावी. भूक माणसास हावरे, संशयी, भांडखोर करते, आणि पोट भरले तरी ती खोड लगेच जात नाही. अशा शेकडोंस रमाबाईंनी कसे संभाळले असेल? त्यांचा जन्म 1858 चा. 1874 साली, दुष्काळात गावोगाव भटकत असता, त्यांनी आईबाप गमावले होते. उपासाने मनुष्य कसा होतो हे त्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की, याजक स्वतः दुर्बळ असतो, म्हणूनच तो चुकलेल्यांशी सौम्यपणे वागू शकतो. मात्र ही सौम्यता म्हणजे डोळेझाक नव्हे. मुक्तिसदनात विणकाम होते, छापखाना होता, शेती होती. आंधळ्या स्त्रियांसही रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी बोटांनी वाचावयाची लिपी शिकविली. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याला सहन करणे सोपे असते.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी, ऊसतोडणीच्या हंगामात, आमच्या वर्गात एक मुलगा बसू लागला. आईबाप टोळीबरोबर आलेले. तो उशिरा येई, बाकावर डोके टेकून झोपी जाई, आणि विचारले तर जमिनीकडे पाहत राही. आम्ही त्यास एकदा भर वर्गात आळशी म्हटले. मुले हसली. आम्ही त्यांस थांबविले नाही.

नाताळात खाऊ वाटावयास कोप्यांवर गेलो, तेव्हा तो एका कोपीच्या दारात आजीस भरवीत बसलेला दिसला. म्हातारीचे हात कापत होते. ती दर घासाला विचारी, "गाडी आली का रं?" आणि तो म्हणे, "येईल आजे, तू घास घे." आमच्यादेखत तिने सात-आठ वेळा विचारले असेल; त्याच्या आवाजात काही फरक पडला नाही. शेजारच्या बाईने सांगितले की, म्हातारी रात्री उठून फडाच्या दिशेने चालू लागते, आणि आईबाप पहाटे उसावर जावयाचे, म्हणून हा तिच्या उशाशी जागतो. स्मृतिभ्रंश हे या रोगाचे नाव आम्हांस ठाऊक होते. त्या मुलास नाव ठाऊक नव्हते, रोग ठाऊक होता.

सुटीनंतर आम्ही त्यास भिंतीजवळच्या बाकावर बसविले, आणि त्याचा डोळा लागला तर उठवावयाचे नाही, असे वर्गास बजावले. त्या दिवशीच्या शब्दाबद्दल त्याच्याशी बोलणे मात्र आज-उद्यावर राहिले. फाल्गुनात हंगाम संपला व टोळी गावी गेली. पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा कोप्या पडल्या, तेव्हा आम्ही जाऊन मुकादमाकडे चौकशी केली. ते कुटुंब त्या साली दुसऱ्या कारखान्याकडे गेले होते. कोणत्या, हे त्यास सांगता आले नाही.